कामथडीचा पगार

जुना टेम्पो घ्यायचा तर विकणाऱ्याला काही विचारू नये, चालवणाऱ्याच्या शेजारी बसून एक फेरी करावी, असा मार्गासनीच्या ज्ञानू शिळीमकरचा नियम होता. विकणारा मीटर मागे फिरवतो, इंजिन धुऊन-पुसून दाखवतो, सीटला नवं कव्हर घालतो. चालवणारा मात्र चढाला कुठला गिअर टाकतो आणि ब्रेकवर किती आधी पाय ठेवतो, हे लपवू शकत नाही. फेरी संपली की ज्ञानू त्याला शेवटचा प्रश्न विचारायचा, ‘परत घ्यायची झाली तर हीच गाडी घेशील का?’ या नियमावर त्याने आजवर दोन टेम्पो घेतले होते आणि दोन्ही चांगले निघाले होते. वेल्ह्याकडच्या गावांतलं दूध गोळा करून नसरापूरच्या शीतकरण केंद्रात पोचवायचं, या कामावर त्याचं घर चालत होतं.

आता प्रश्न टेम्पोचा नव्हता. एकुलत्या एक मुलीला, नूतनला, पुण्याच्या एका खासगी कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत कागदपत्रं आणि पहिला हप्ता भरला नाही तर जागा जाणार होती.

केमिकलच का, हे घरात कुणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी वडिलांबरोबर दूध सोडायला गेली की नूतन शीतकरणाच्या यंत्रामागे जाऊन उभी राहायची. पातळ पत्र्याच्या एका बाजूने दूध, दुसऱ्या बाजूने गार पाणी. दोघं एकमेकांना भेटत नाहीत आणि तरी दूध गार होऊन बाहेर पडतं. हे कसं, म्हणून तिने केंद्रातल्या माणसांना इतकं छळलं होतं की ती माणसं तिला बघून चहाला निघून जायची.

ज्ञानूकडे दोन लाख रुपये होते. ते टेम्पोसाठी ठेवलेले. सध्याचा टेम्पो चढाला काळा धूर सोडायला लागला होता आणि मेकॅनिकने इंजिनावर हात ठेवून, म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसा खालच्या आवाजात सल्ला दिला होता की बदला आता.

“टेम्पो घ्यायला तुमी दोन दोन दिवस हिंडता,” साळूबाई म्हणाली होती. “पोरीचं मात्र हितं चुलीपुढं बसून ठरवा.”

हा टोमणा लागला, म्हणून शनिवारी सकाळी दूध सोडल्यावर ज्ञानू नसरापूर फाट्यावर गेनबाच्या हॉटेलात जाऊन बसला. गेनबा म्हणजे साळूबाईचा थोरला भाऊ. तो भज्यांपेक्षा सल्ले जास्त तळतो, असं फाट्यावरचे लोक म्हणत.

“फी माफ हाय ना पोरींना?” गेनबाने विचारलं.

“शिकवायची फी माफ. बाकीचं हाय की. होस्टेल, मेस, कॉलेजची दुसरी फी, लॅपटॉप, येनं-जानं. वर्साला दीड लाखाच्या वर जातंय.”

“म्हंजे चार वर्सांत साडेसहा लाख. आन् एवढं घालून मिळनार काय?”

“त्येच तर ठावं न्हाई. न्हाईतर मग भोरला बीएस्सी करायची. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं.”

“दाजी, एक सांगू? राग मानू नका.” गेनबा झाऱ्या खाली ठेवून पुढे वाकला. “खर्च तुमचा आन् कमाई जावयाची. दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हानारा टेम्पो कुनी आपल्या पैशानं घेतं का?”

ज्ञानूने चहा संपवला. वाक्य मात्र मासळीच्या काट्यासारखं घशात राहिलं. हेच त्याच्याही मनात कुठेतरी होतं. त्याने ते स्वतःला इतक्या सरळ शब्दांत कधी सांगितलं नव्हतं, एवढंच.

“त्ये जाऊ दे. चालवनारा दाव मला,” तो म्हणाला. “ह्या लाइनीत कोन हाय वळखीचं?”

गेनबाला लगेच आठवलं. कामथडीच्या हनुमंतचा मुलगा कुमार. केमिकल इंजिनिअर, महाडकडच्या कारखान्यात, लोक म्हणतात लाखभर पगार. या रविवारी घरी असणार. गेनबाने तिथल्या तिथे फोन लावला आणि आपल्या सवयीप्रमाणे सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“हनुमंतराव, आमचं दाजी येनार हायेत उद्या, मार्गासनीचं. संगं पोरगीबी हाय, औंदा बारावी झाली. कुमारचं शिक्षन, काम, पगार, सगळं विचारून घ्यायचं म्हनत्यात. व्हय, व्हय. घरचीच मानसं हायेत.”

या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता.

रविवारी सकाळची फेरी उरकून ज्ञानूने टेम्पो धुतला, पांढरा शर्ट घातला. साळूबाई यायची नव्हती. सावडीची भातलावणी चालू होती, आणि शेजारणी आपल्या खाचरात राबून गेल्यावर त्यांच्या खाचरात आपण जायचं नाही, हे तिच्याने होणारं नव्हतं. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही म्हणून तिने पिशवीत चार किलो आंबेमोहोर घालून दिला. नूतनला तिने नवा ड्रेस घालायला लावला. “इंजिनिअरच्या घरी चाललीस, पारोशासारखी जाऊ नगं.”

कामथडीत हनुमंतच्या घरापुढे टेम्पो थांबला तेव्हा अंगण नुकतंच झाडलेलं दिसत होतं. ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या दोन वेगळ्या रंगाच्या, म्हणजे शेजारून आणलेल्या. हनुमंत इस्त्रीच्या कपड्यांत उभा. त्याची बायको अंबूबाई काठापदराच्या साडीत. आणि कुमार, सव्वीस-सत्तावीसचा सावळा मुलगा, असा शर्ट घालून बसलेला की पाकिटातल्या घड्या अजून छातीवर दिसत होत्या. साधी माहिती विचारायला आलेल्या माणसाचा एवढा मान ठेवतात, म्हणजे माणसं चांगली आहेत, असं ज्ञानूला वाटलं.

पोहे आले. वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. अंबूबाईने तांदळाची पिशवी उघडून वास घेतला, “आंबेमोहोर!” म्हणाली आणि नवऱ्याकडे अर्थपूर्ण नजरेने बघितलं.

“चष्मा कवापासनं गं पोरी?” तिने नूतनला विचारलं.

“आठवीपासून.”

“नंबर वाढतोय का?”

“नाही, तेवढाच आहे.”

“सैपाक येतो? भाकरी?”

“भाकरी येते. पुरणपोळी आईच करते.”

“इतकं पुरे. पुरनपोळी वर्सातनं दोनदा.”

चष्म्याचा आणि भाकरीचा इंजिनिअरिंगशी काय संबंध, हे ज्ञानूला कळलं नाही. होस्टेलमध्ये मुलींना स्वतः करून खावं लागत असेल, अशी त्याने मनाशी समजूत घातली आणि आपल्या कामाचं विचारलं.

“कुमारला पगार किती हाय आत्ता? सरळ इचारतो, राग मानू नका.”

“राग कसला? इचारायलाच पायजे,” अंबूबाई म्हणाली. “पंच्याऐंशी हजार.”

ज्ञानूच्या डोक्यात चक्रं फिरली. टेम्पोबद्दल त्याचा दुसरा नियम असा की दोनदा टायर बदलेपर्यंत गाडीने स्वतःला फेडलं पाहिजे. पंच्याऐंशीच्या हिशेबाने ही गाडी पहिले टायर झिजायच्या आतच मोकळी होत होती. त्याला हायसं वाटलं. त्याच वेळी थोडी शंकाही आली, कारण आकडा सांगताना अंबूबाईने मुलाच्या नव्या शर्टाच्या खांद्यावरून हात फिरवला होता. विकणारा नव्या सीट कव्हरवरून फिरवतो, अगदी तसा. आणि कुमार पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढत होता.

“सुरवातीला किती व्हता?”

“सुरवातीपासनं चांगलाच.”

“शिकायला कर्ज?”

“फिटलं की कवाच!”

कुमारला ठसका लागला. हनुमंतने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“आन् आमची काय अपेक्षा न्हाई बगा,” अंबूबाई खुर्ची जवळ ओढून म्हणाली. “मानपान नको, काय नको. पोरगी शिकलेली पायजे, बास. आता मुलामुलीला दोन शबूद बोलू द्या. कुमार, जा, गच्ची दाव तिला. वरनं हायवे लई झ्याक दिसतो.”

ज्ञानूच्या हातातला चमचा थांबला. उसन्या खुर्च्या, घड्यांचा शर्ट, चष्म्याचा नंबर, आंबेमोहोराचा वास, सगळं एकदम ओळीत येऊन उभं राहिलं. मुलीचा बाप मुलीला घेऊन, तांदळाची पिशवी घेऊन मुलाच्या घरी येतो आणि पगार विचारतो. याचा भोर-वेल्ह्यात दुसरा अर्थ कोण काढील? मुलीला बघायला मुलाकडच्यांनी जायचं, ही रीत मोडून हा बाप स्वतःच मुलगी घेऊन आला, म्हणजे फारच उत्सुक असणार, असंही त्यांना वाटलं असेल.

नूतनने त्याच्याकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांत हसू आणि घाबरणं दोन्ही होतं. बापाने एक शब्द बोलायचा अवकाश होता.

ज्ञानू बोलला नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि गप्प राहणं खोट्यात धरायचं की नाही, हे त्याने आजवर ठरवलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला स्पष्ट दिसली. इथे ओसरीत विकणारे बसले आहेत. चालवणारा गच्चीवर चालला आहे.

“जा,” तो मुलीला म्हणाला. “नीट इचार सगळं.”

दोघं जिना चढून गेल्यावर अंबूबाई चहा ठेवायला आत गेली. हनुमंत हळूच म्हणाला, “दोन वर्सं झाली पोरी बघतोय, पाव्हनं. शेती म्हनलं की नको. कंपनी म्हनलं की इचारत्यात, पुन्यात फ्लॅट हाय का? तुमी आपनहून आला. त्याची आई काल रात्रीपासनं पाय जमिनीवर टेकवंना.”

ज्ञानूने पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याने मान हलवली आणि आंबेमोहोर यंदा कसा झाला होता, ते सांगायला लागला.

गच्चीवरून दोघं खाली आली ती हसतच. ते हसू बघून अंबूबाईने नूतनच्या हातात नारळ ठेवला आणि कपाळाला कुंकू लावलं. कुमार म्हणाला, “मी सोडतो यांना टेम्पोपर्यंत,” आणि आईचा चेहरा आणखी उजळला.

टेम्पो घरापासून थोडा लांब, लिंबाखाली उभा होता.

“काका,” कुमार म्हणाला, “नूतनने गच्चीवर पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्याकडे मुलींना प्लांटवर घेतात का? लग्न ठरवायला आलेली मुलगी असं विचारत नाही.”

“चूक झाली पोरा. म्या तिथंच सांगायला पायजे व्हतं.”

“नाही सांगितलंत ते बरं केलंत. मला पोहे तरी मिळाले. एरवी पाहुण्यांनाच मिळतात.” मग त्याने घराकडे एकदा वळून बघितलं. “चौतीस, काका. हातात चौतीस हजार येतात. चार वर्षांनंतर. सुरुवात अठरापासून केली. कर्ज अजून वर्षभर आहे. तीन पाळ्या. पावसात वरंध घाट बंद झाला की ताम्हिणीवरून फिरून यावं लागतं, सुट्टी निम्मी रस्त्यातच जाते.”

“मग पंच्याऐंशी कशापायी सांगायचं?”

“सगळेच फुगवून सांगतात, म्हणून ऐकणारा निम्मं धरतो. आम्ही एका ठिकाणी खरं सांगून बघितलं. चौतीस म्हटलं, तर त्यांनी सतराच ऐकले. तेव्हापासून आई असं सांगते. मला लाज वाटते. पण तिला खोटं पाडणं काही जमत नाही.” तो थांबला. “घरी समजू देऊ नका, एवढंच.”

“न्हाई समजनार,” ज्ञानू म्हणाला आणि त्याने शेवटचा प्रश्न विचारला. “परत घ्यायची झाली तर हीच गाडी घेशील का?”

नूतनने कुमारला अर्थ सांगितला. कुमारने उत्तर द्यायला वेळ घेतला, हे ज्ञानूला आवडलं. झटकन ‘हो’ म्हणणाऱ्याची गाडी त्याने कधी घेतली नव्हती.

“घेईन. पण एवढं कर्ज काढून नाही घेणार. आणि कॉलेजात पहिली तीन वर्षं झोपा काढल्या, त्या काढणार नाही. एकदा पाळीत असताना टाकीचं तापमान चढायला लागलं. सगळे बाहेर पळायच्या बेतात होते. आत काय चाललंय ते मला कळत होतं. कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, ते कळत होतं. पगार चौतीसच होता, पण त्या दिवशी दुसरं काही व्हावंसं वाटलं नाही.” मग तो ओशाळून हसला. “पण काका, तुम्ही चुकीच्या गाडीत बसलात. मी मुलगा. मुलींचा रस्ता वेगळा असतो. रात्रपाळी नको म्हणून कारखानेवाले त्यांना प्लांटवर घेत नाहीत, लॅबमध्ये बसवतात. थांबा, आमच्या वर्गातल्या मुलीला लावतो. भोरचीच आहे.”

त्याने मोबाईल टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला आणि स्पीकर लावला.

“काय रे, परत मुलगी बघायला गेलास का?” पलीकडून आवाज आला.

“स्नेहल, हळू. मुलगीच बघायला आलीय. पण मला नाही, केमिकलला.”

स्नेहल पोटभर हसली आणि हसून झाल्यावर एकदम कामाचं बोलायला लागली. पुण्यात एका डिझाइनच्या ऑफिसात ती कारखान्यांच्या पाइपांचे नकाशे करत होती. पंधरा हजारांवर लागली, पहिली दोन वर्षं खोलीभाडं आणि डबा जाऊन काही उरलं नाही. आता शेहेचाळीस. वर्गात नऊ मुली होत्या. त्यातल्या या लाइनीत आज तिघी. दोघी सॉफ्टवेअरला गेल्या, एक स्पर्धा परीक्षा देतेय, बाकीच्या लग्न होऊन घरी.

“म्हंजे नवातल्या तीन,” ज्ञानू म्हणाला.

“हो काका. मी खोटं सांगणार नाही. आणि त्या तिघींतली एक मी आहे ती काही फार हुशार होते म्हणून नाही. दुसऱ्या वर्षापासून सुट्टीत डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकले म्हणून. कॉलेज ते शिकवत नाही.”

“आन् बीएस्सी केली तर?”

“लॅबमध्ये लागेल. माझी मैत्रीण आहे तशी. काम मन लावून करते, पण पगार माझ्या निम्मा आणि वर जायची शिडीच नाही. तिचा खर्च मात्र काहीच झाला नाही, हेही खरं.”

नूतनने मग दोन प्रश्न विचारले, ते ज्ञानूला कळले नाहीत. उत्तर देताना स्नेहलचा आवाज बदलला, मोठ्या माणसाशी बोलावा तसा झाला, ते मात्र त्याला कळलं.

बाप-लेक परत निघाली. दोन्ही बाजूंना खाचरांत लावणी चालू होती आणि बायकांच्या पाठींवर प्लॅस्टिकच्या खोळी चमकत होत्या. ज्ञानू मनातल्या मनात चौतीस आणि शेहेचाळीस यांना हिशेबाला बसवत होता. पहिली दोन वर्षं शून्य धरायची. मग राहणं-खाणं जाऊन उरेल ते. नवातल्या तीन, हेही धरायचं. कसंही धरलं तरी दोनदा टायर बदलून ही गाडी फिटत नव्हती. तिसऱ्यांदा बदलावे लागत होते. त्याच्या नियमाने अशी गाडी सोडून द्यायची.

“पप्पा,” नूतन म्हणाली, “मामा म्हणाला ते मला माहितीये.”

“काय?”

“खर्च तुमचा आणि कमाई जावयाची. त्याने आईलाही फोन करून सांगितलं. फोन कानाला होता, तरी अख्ख्या घराला ऐकू आलं.”

ज्ञानूने गिअर बदलला.

“तुमचा पहिला टेम्पो आजोबांनी दोन म्हशी विकून घेऊन दिला ना?”

“व्हय.”

“मग भाडं कुणी घेतलं?”

“म्याच. माझं घर व्हतं, तुझी आई आली व्हती…”

“आजोबांना काय मिळालं?”

ज्ञानू विचारात पडला. बाप भोरला दवाखान्यात जायचा तो याच्याच टेम्पोतून. बाजाराला, लग्नकार्याला, सगळीकडे. दुसरं काही दिल्याचं आठवत नव्हतं. त्यानेही काही मागितलं नव्हतं. फक्त टेम्पोत कुणीही असलं, अगदी सरपंच असला, तरी त्याला मागे पाठवून म्हातारा पुढे बसायचा.

“पुढची सीट,” तो म्हणाला.

मार्गासनीच्या अलीकडच्या चढाला पूर्वी टेम्पो तिसऱ्यावर जायचा. आज दुसऱ्यावरही कुरकुरला. आरशात काळा धूर दिसला. दोघांनाही दिसला, आणि दोघंही त्याबद्दल बोलली नाहीत. दोन लाख एकच होते.

संध्याकाळची फेरी करून तो घरी आला तेव्हा साळूबाई लावणीवरून येऊन पाय शेकत बसली होती. नूतनने तिला सगळं सांगितलेलं होतं, कारण ती त्याला बघताच म्हणाली, “या, सोयरीक जमवून आलासा म्हनं.” नारळ देवापुढे ठेवला होता. त्याचं काय करायचं, हे कुणालाच सुचत नव्हतं.

“काय ठरवलं?” तिने विचारलं.

“बघू,” ज्ञानू म्हणाला. ‘बघू’ म्हणजे काय, हे साळूबाईला चांगलं माहीत होतं. तिने शेकायचं फडकं आपटून ठेवलं. आणि तेवढ्यात फोन वाजला. कामथडीचा.

ज्ञानूने स्पीकर लावला नाही, पण अंबूबाईला त्याची गरज नव्हती.

“भाऊ, पोरगी आमाला पसंत हाय बरं का! कुमारबी हसतोय नुस्ता, काय बोलंना. आता तुमचं सांगा.”

“वैनी, त्ये असं हाय…”

“शिक्षनाचं म्हनत व्हता ना तुमी? आवो, आता कशाला चार वर्सं पैसं घालायचं? इंजिनिअर जावई घरात आल्यावर पोरीला कशाला इंजिनिअर करायचं? तुमचा सगळा खर्च वाचला बगा!”

हे वाक्य नवं नव्हतं. शनिवारी भज्यांच्या धुरात गेनबा हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ते हिशेबासारखं वाटलं होतं. आता तेच वाक्य पलीकडच्या माणसाच्या तोंडून, गोड आवाजात आलं, आणि ज्ञानूला ओळखीची भावना झाली. गाडीची किंमत पाडायला आलेलं गिऱ्हाईक अस्संच बोलतं. धूर सोडतीय, कशाला ठेवताय, द्या मोडीत.

समोर साळूबाई आणि नूतन, दोघी त्याच्याकडे बघत होत्या. नकार तर द्यायचाच होता. पण नकाराला कारण लागतं. मुलाच्या पगाराचं कारण देता येत नव्हतं, कुमारला शब्द दिला होता. चुकून आलो होतो म्हणावं, तर हनुमंतच्या उसन्या खुर्च्या डोळ्यांपुढे येत होत्या. उरलेलं कारण एकच होतं, आणि ते दिलं की मागे घेता येणार नव्हतं.

“वैनी, मानसं तुमी लाखातली,” ज्ञानू म्हणाला. “आन् पोरगा तर त्याहून. त्यात काय शब्दच न्हाई. पन तुमच्या कुमारचा पगार ऐकला, पंच्याऐंशी, आन् आमी घरी येऊन ठरवलं, पोरीलाच त्या लाइनीला घालायचं. उद्या जाऊन पैसं भरायचं. चार वर्सं आता तिच्या लग्नाचं काडनार न्हाई.”

नूतनने तोंडावर हात ठेवला. साळूबाईने तिचा दुसरा हात धरला.

मग अंबूबाईचा आवाज आला, पण सकाळचा नव्हे. बारीक, चाचरणारा.

“आवो भाऊ, थांबा जरा. म्हंजे… त्ये पंच्याऐंशी सगळ्यांना मिळत न्हाईत हां.”

“असं व्हय?”

“म्हंजे त्येच्यात कापाकापी लई असती. त्ये कंपनी कागदावर लिवतीया तेवढं हातात येत न्हाई.” ती थांबली. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. “तुमी पोरीचं पैसं भरनार, मग म्या खोटं कसं बोलू? आमच्या पोराच्या हातात चौतीस येत्यात, भाऊ. त्येबी आत्ता आत्ता. पंच्याऐंशीच्या भरवशावर घर घालवू नका.”

मुलाचं लग्न जमावं म्हणून दोन वर्षं सांभाळलेला आकडा बाईने एका अनोळखी माणसाचे पैसे वाचावेत म्हणून टाकून दिला होता. पहिल्यांदाच ऐकतोय अशा स्वरात ज्ञानू म्हणाला,

“चौतीस म्हंजेबी काय कमी न्हाईत, वैनी. चालतंय आमाला.”

“चालतंय?”

“व्हय. आन् कुमारच्या लग्नाचं म्हनाल तर म्या रोज दहा गावांत दूध घ्यायला थांबतो. बघतो की. पन पगार म्या खराच सांगनार.”

“आन् लोकांनी सतराच ऐकलं तर?”

“म्या दूधवाला हाय. माझं माप लोक धरत्यात.”

अंबूबाई हसली की हुंदका होता, हे फोनवर नीट कळलं नाही. “पोरीला म्हनावं नीट शीक,” ती म्हणाली. “आन् त्यो नारळ फोडा. माघारी देऊ नका.”

ज्ञानूने फोन ठेवला. साळूबाई उठून कोयता शोधायला लागली होती. तो नूतनला म्हणाला, “कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, पाऊस लागंल. सकाळी तुला घेऊनच दूध गोळा करू. कॅन सोडले की तसंच पुन्याला.”

“टेम्पोतून? चढाला थांबला तर?”

“खेड-शिवापूरच्या पुढं चढच न्हाई फारसा,” ज्ञानू म्हणाला, जे खरं नव्हतं. “आन् आई येतीया उद्या, तिला मागं बसाय सांग. पुढची सीट तुझी.”